सहा टाक्यांची हवा

“पण काका, हवाच ना ती? हवेसाठी अख्खा दिवस घालवायचा?”

हर्षद मेतरने हे विचारलं तेव्हा बाबलकाका पडवीत बसून मास्कच्या रबरी पट्ट्या गोड्या पाण्यात धूत होते. मान वर न करता म्हणाले, “हवाच ती.”

“मग?”

“मगे जा. सहाय भरून घेवन ये.”

झालं. एवढंच.

बाबलकाका म्हणजे खाडीच्या तोंडावरचा सगळ्यांत जुना पाणबुड्या. आधी ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेली जाळी सोडवायला बुडायचे, मग पर्यटक आले तसे त्यांना पाण्याखाली न्यायला लागले. चाळीस वर्षं हेच. पण गणपतीनंतर उजव्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आता पाण्यात उतरलात तर ऐकू येणं विसरा.

पडवीतल्या भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर लिहिलेलं असायचं, ‘उद्या खाली नेणार’, आणि पुढे नाव. इतकी वर्षं त्या पाटीवर एकच नाव होतं. आज तिथे काहीच नव्हतं.

उद्या सकाळी कोल्हापूरहून पाचजण येणार होते. बुडी मारायला शिकलेले, पण नवखे. त्यांना म्हातारीच्या खडकावर न्यायचं होतं, अठरा मीटर खाली. कोण नेणार ते काकांनी अजून सांगितलं नव्हतं.

हर्षदला वाटत होतं, यात सांगायचंय काय? पाच वर्षं काकांच्या हाताखाली काढली. वर सहा महिने अंदमानात राहून पाणबुड्याचं कार्ड आणलं, फोटोचं, गुळगुळीत, परदेशी शिक्क्याचं. गावात तसलं कार्ड दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते आल्यापासून पठ्ठ्याची मालवणीसुद्धा सुटली होती. काका मालवणीत विचारायचे, हा पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायचा.

तर उद्या पाचजण आणि त्यांना नेणारा एक, अशा सहा टाक्या.

आता टाकी भरणं म्हणजे काय कटकट असते ते ज्याने केलंय त्यालाच विचारावं. एकेक टाकी पंधरा किलोची. हवा दाबून भरणारं यंत्र घ्यायचं तर त्यात एक घर उभं राहील, म्हणून गावात कुणाकडे नाही. टेम्पो करा, पस्तीस किलोमीटर जा. तिथे गंगारामचं जुनं यंत्र, एका टाकीला वीस मिनिटं खातं. त्यात पुढे चारजणांची रांग. त्यात गंगाराम आपल्या गुडघ्यांची हकिगत सांगणार. डिझेल वाढलं, गाळणी महागली, म्हणून भरणावळही वाढलेली. श्वास देवाने फुकट दिलाय, पण तोच टाकीत घालायचा म्हटलं की माणूस मेटाकुटीला येतो!

हर्षद गंगारामकडे गेलाच नाही.

रस्त्यावरच एक नवीन दुकान झालं होतं. तिथे हवा आधीच मोठाल्या नळकांड्यांत साठवून ठेवलेली. नळी लावली की फुस्स… तीन मिनिटांत टाकी तयार. रांग नाही, गुडघे नाहीत. दाबाचा काटा दोनशेवर टेकला की हर्षद टाकीच्या चिकटपट्टीवर जाड पेनाने लिहायचा, २००. सहाच्या सहा.

काका भरून आणायचे तेव्हा त्यांच्या टाक्यांवरच्या पट्ट्या कोऱ्या असायच्या. आकडा ते घरी आल्यावर, जेवण वगैरे झाल्यावर लिहायचे. म्हाताऱ्याचा ढिलेपणा, असं हर्षदने त्याचं नाव ठेवलं होतं.

साडेदहालाच तो परत आला. सहा टाक्या पडवीत ओळीने उभ्या केल्या, आकडे पुढे दिसतील अशा.

“घ्या काका! दोनशेला एक कमी नाही. आणि अकरासुद्धा वाजले नाहीत.”

बोलता बोलता त्याची नजर पाटीकडे गेलीच. खडू पाटीच्या खाली खिळ्याला बांधलेला होता.

काका उठले. पहिल्या टाकीवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

“हात लाव.”

हर्षदने लावला. “गरम आहे. टेम्पोत ऊन लागलं असेल.”

“ताडपत्री होती मा?”

“होती.”

काकांनी दुसऱ्या टाकीवरही तळवा ठेवून बघितला.

“काका?”

“बस.”

बसला. काकींनी पेज आणून दिली, ती प्यायला. अंदमानचं पाणी किती नितळ ते सांगितलं. काका म्हणाले, “हं.” तिथल्या बोटी किती मोठ्या ते सांगितलं. काका म्हणाले, “हं.” मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. पडवीत सावली होती, खाडीवरून वारा येत होता, आणि सहा टाक्या नुसत्या उभ्या होत्या. म्हातारा नेमकी कसली वाट बघतोय?

दीड तास गेला.

“आता काटो लाव.”

हर्षदने काटा लावला.

एकशे पंच्याहत्तर.

त्याने काटा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकशे पंच्याहत्तर. दुसरी टाकी, एकशे पंच्याहत्तर. तिसरी त्याहून एकाने कमी. पट्टीवर मात्र ठळक अक्षरात दोनशे.

“गळतायत!”

तो धावत आत गेला, साबणाचं पाणी घेऊन आला, सगळ्या तोट्यांना फेस फासला. डोळे बारीक करून बघत बसला. एक बुडबुडा येईल तर शपथ. काकांकडे जुना काटा होता, तो लावला. त्यानेही तेच सांगितलं.

“गळत नाहीत… मग काका, पंचवीस गेली कुठे?”

“खंय नाय गेली. होती तितकीच आसा.”

हर्षद फेसाचा हात तसाच धरून उभा राहिला.

त्याला माहीत होतं हो! पुस्तकात होतं. हवा घाईने दाबली की तापते, तापली की फुगते, आणि काट्याला वाटतं टाकी भरली. निवली की खरा आकडा दिसतो. परीक्षेत या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

काका पुन्हा खाली बसले. “पंचवीस म्हणजे खडकार किती?”

हर्षदने मनात हिशोब केला. अठरा मीटरवर, नवखा माणूस, धपापत श्वास घेणारा…

“चार मिनिटं.”

“आणि थंयसून वर येवक?”

दोन मिनिटं वर यायला. वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, ते चुकवून चालत नाही.

“पाच,” तो हळूच म्हणाला.

काकांनी मास्क उचलला आणि काचेवर अंगठा फिरवायला लागले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं हर्षदला वाटलं.

उत्तरं त्याच्याकडे होती. खाली गेल्यावर काटा दिसतोच की! थोडी हवा वरून घालून आणता येईल की! पण त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं, नवखा माणूस खाली गेला की काट्याकडे बघत नाही, नेणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो. आणि नेणारा मनात धरून चालतो तो आकडा… तो तर याने स्वतःच्या हाताने लिहिला होता.

त्याला लाज वाटली. कानाच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली.

त्याने एकेका टाकीवरची पट्टी ओरबाडून काढली. टेम्पोवाला जेवायला गेला होता, त्याची वाटही न बघता सहा टाक्या स्वतःच उचलून चढवल्या. ताडपत्री बांधली. काकांनी कुठे चाललास विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही.

गंगारामकडे पुढे तिघे होते. हर्षद रांगेत उभा राहिला. नंबर आला. यंत्र फट-फट-फट करत चालू झालं. गंगाराम एक हात टाकीवर ठेवून स्टुलावर बसला, टाकी कोमट लागली की तोटी आवळायचा, थांबायचा, मग पुन्हा सोडायचा. आणि गुडघ्यांचं सांगायचा. उजव्याचं झालं, मग डाव्याचं. दोन्ही गुडघ्यांचं हर्षदने ऐकून घेतलं.

शेवटच्या टाकीला तेवढं गंगारामचं यंत्र कुरकुरायला लागलं, दोनदा बंद पडलं, तिसऱ्यांदा चालू झालंच नाही. “थोडी कमी भरली, चलात?” गंगारामने विचारलं. “चालेल,” हर्षद म्हणाला.

परत आला तेव्हा ऊन खाडीपलीकडच्या माडांवर गेलं होतं. काका पडवीतच होते. हर्षदने टाक्या उतरवल्या, सावलीत ठेवल्या. पट्ट्या कोऱ्या. स्वतः पायरीवर बसला. पाटीकडे त्याने बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. आधी तळवा, मग काटा. दोनशे. लिहिलं. दुसरी दोनशे, लिहिलं. पाच झाल्या. सहावीवर काटा लावून तो जरा थांबला, मग तिथेही लिहिलं, १९५. ती उचलून त्याने बाजूला, भिंतीशी ठेवली.

“ती वायली कित्याक?” काकांनी विचारलं.

“ती नेणाऱ्याक,” हर्षद म्हणाला. “उद्या कोणय नेवदे. पाहुण्यांक भरलेल्यो देवया. ही काय भरूक नाय, काका.”

सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडून गावची भाषा आली होती. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

बाबलकाका गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीशी ठेवलेल्या टाकीवर त्यांनी तळवा ठेवला, आणि या वेळी तो तसाच राहू दिला. मग दुसऱ्या हाताने खिळ्याचा खडू सोडला आणि हर्षदपुढे धरला.

हर्षदने खडू घेतला नाही. “काका, पाच कमी आसत.”

“पाच कमी आसत, ह्यां तुका म्हायत आसा मा?”

“होय.”

“मगे भरली.”