टाळूची राखण

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक वृद्ध वैद्य राहत. एकदा त्यांचा एक जुना शिष्य नवी मोटार घेऊन त्यांच्या दर्शनाला आला. सोबत पत्नी होती आणि तिच्या मांडीवर सहा महिन्यांची लेक.

शिष्य आता शहरातला नावाजलेला वैद्य. गुरूंनी कौतुकाने गाडीभोवती फेरी मारली आणि मागच्या काचेशी थबकले. आत बाळाची खुर्ची होती, वेष्टनही न काढलेली. तिच्यात मिठाईचे खोके बसवले होते.

"ही मिठाईसाठी घेतलीस?"

शिष्य ओशाळला. "मुलीसाठीच, गुरुजी. पण तीत ठेवलं की रडून आकांत करते."

"पोटच्या पोरीला पट्ट्यांनी बांधून मागं टाकायचं जिवावर येतं हो," पत्नी म्हणाली. "आईच्या मांडीसारखी जागा नाही."

लेकीच्या अंघोळीची वेळ झाली तेव्हा गुरूंनी कोमट तेलाची वाटी आणली आणि स्वतः तिची टाळू भरली. ती मऊ जागा त्यांच्या बोटाखाली उडत होती. मग तीच वाटी घेऊन ते ओसरीच्या कोपऱ्यात गेले. तिथे त्यांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याचे केस पिकू लागले होते आणि नजर कुठेच नव्हती. गुरूंनी त्याच्याही टाळूवर तसेच हलक्या बोटांनी तेल घातले, तान्ह्याशी बोलावे तसे त्याच्याशी बोलत.

शिकत असताना शिष्याने हे रोज पाहिले होते. मुलगा जन्मतःच असा असेल आणि तेल हा एखादा गुप्त उपचार असेल, असे त्याने मनाशी ठरवले होते. विचारण्याचे धैर्य कधी झाले नव्हते. आज तो स्वतः बाप होता.

"गुरुजी, या तेलानं ह्याला गुण येतो?"

"काडीचा नाही," गुरू हसले. "तू शहरात हाच उपचार देतोस म्हणे. देत जा. झोप बरी लागते."

मग त्यांचे हसू ओसरले.

"हा तुझ्या लेकीसारखाच होता रे. चांगला बोबडं बोलायला लागला होता. ह्याची आई रोज टाळू भरायची, वारं लागू नये म्हणून टोपरं बांधायची. एकदा जीपमध्ये ती पुढं बसली, हा मांडीवर. समोर म्हैस आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. गाडी थांबली, हा थांबला नाही. डोकं काचेवर आदळलं. लोक म्हणाले, आईच्या हातून सुटला. ती बिचारी मरेपर्यंत आपले हातच बघत राहिली. मी सांगून थकलो, की तेवढं बळ कुणाच्याच हातांत नसतं. माया कितीही असो, हात हाडामांसाचेच. ती गेल्यावर वाटी माझ्याकडं आली. हा मला ओळखत नाही. टाळूवर बोट ठेवलं की स्वस्थ बसतो, तेवढीच आमची सोबत."

त्यांनी शिष्याच्या पत्नीकडे पाहिले. "मुली, घरात टाळू तेलानं राखायची. रस्त्यावर ती त्या खुर्चीनंच राखायची."

शिष्य उठला. त्याने खोके बाहेर काढले, वेष्टन फाडले, खुर्ची मागच्या सीटवर घट्ट आवळली. गुरूंनी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

परतताना लेक खुर्चीत पाठमोरी बसून जीव तोडून रडत होती. पत्नी मागेच तिच्याशेजारी बसली. पुढे शिष्य एकटा. आरशात त्याला ओसरीवरचे ते दोघे दिसले. एकाच्या कपाळावरून तेल ओघळत होते आणि दुसरा ते पंच्याने टिपत होता. त्या ओसरीवर आता गुरू एकटेच बोलत राहणार, हे शिष्याला ठाऊक होते.

"मांडी रिकामी वाटते हो," मागून पत्नी म्हणाली.

"वाटू दे," शिष्य म्हणाला आणि त्याने वळणावर गाडीचा वेग कमी केला.

घाट उतरेपर्यंत लेक रडून रडून झोपली. घरी पोचल्यावर आईने पट्टे सोडले आणि तिला मांडीवर घेतले. लेकीने डोळे उघडले आणि आईला ओळखून ती हसली.