हुकमाची वाट पाहणारा सेनापती

खूप जुन्या काळी, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या एका राज्यात एक सेनापती होता. बाळांनो, त्याला भित्रा म्हणू नका हं. तरुणपणी वरिष्ठाने त्याला नदीच्या उतारावर पहाऱ्याला उभं केलं होतं. पूर आला, पाणी छातीला लागलं, तरी हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. राजा खूश झाला. पुढे तो हुकूम झेलत गेला आणि मोठा होत गेला. हुकमाशिवाय त्याने कधी पाऊल उचललं नाही, म्हणून तो कधी चुकलाही नाही. चुकण्याचीच काय ती त्याला भीती वाटे.

मग मोठं युद्ध पेटलं. शेजारचा राजा मदतीला आला. दोन्ही सैन्यांनी एका खिंडीत तळ ठोकला आणि एकाच चुलीवर स्वयंपाक केला. राजवाडा ज्या किल्ल्यावर होता, तिथला नगारा वाजला की सेनापतीने राजाचा हुकूम आला असं समजायचं.

एका सकाळी दूध घालणारी धनगरीण धापा टाकत आली.

"राजवाडा ओस पडलाय," ती म्हणाली. "राजानं शत्रूशी गुपचूप तह केला आणि गलबतात बसून निघून गेला. शेजारच्या राजाचे शिपाई खवळून तळातून उठलेत. तुम्हाला दगाबाज म्हणतायत."

पिकल्या मिशांचा एक सरदार पुढे आला.

"साहेब, मागची पायवाट अजून मोकळी आहे. पोरांना घरी जाऊ द्या. नाहीतर लढायला सांगा. पण काहीतरी सांगा."

"किल्ल्यावरचा नगारा वाजलेला नाही," सेनापती म्हणाला.

"वाजवणार कोण? तिथं माणूस उरलं नाही."

"आणि उद्या महाराज परतले, कुणाला विचारून तळ सोडलास म्हणाले, तर?"

तो किल्ल्याकडे कान लावून बसला. दुपार झाली. वरच्या कड्यावर कालचे सोबती धनुष्यं घेऊन उभे राहिले. खालून एका शिपायाने आपल्या तिथल्या मित्राला हाक मारली. मित्राने बाण चढवला. माणसं एकमेकांना चिकटून बसली.

"साहेब, पायवाटेकडेही त्यांची माणसं निघालीत. हात जोडतो!" सरदार म्हणाला.

"थोडं थांबू."

सरदाराला एकट्याने निघता आलं असतं. पण त्याने जन्मभर याच सेनापतीचा हुकूम पाळला होता. तोही थांबला.

अखेर शेजारच्या राजाचा सरसेनापती घोड्यावरून समोर आला आणि गरजला, "शस्त्रं खाली ठेवा!"

विचार करायच्या आतच सेनापतीचा हात कमरेला गेला. त्याची तलवार जमिनीवर पडली. मागोमाग साऱ्या खिंडीत तलवारी पडल्याचा खणखणाट झाला. खरं सांगू? त्या घटकेला सेनापतीला हलकंच वाटलं. कुणीतरी हुकूम दिला होता!

मग दोर आले. सगळ्यांचे हात बांधून त्यांना बर्फाच्या डोंगरांपलीकडे हाकलत नेलं. त्यांतले फार थोडे परतले. सेनापती परतला, पण गावोगावच्या आया त्याच्या दारात येऊन एकच विचारू लागल्या, "वाट मोकळी होती ना रे?" त्याचं उत्तर त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

म्हणून ध्यानात ठेवा: जो स्वतःच्या बुद्धीने चालायला घाबरतो, तो शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जातो, आणि आपल्या माणसांनाही घेऊन जातो.