दुपारी कातलेला धागा

श्रावस्तीतल्या एका कापड-व्यापाऱ्याची बायको सुप्रभा हिची झोप एका विचाराने उडाली होती. राजाने नव्या नाण्यात चांदी वाढवली होती. तेव्हापासून परदेशी व्यापाऱ्याला तेच वस्त्र घ्यायला जास्त सोने मोजावे लागे, म्हणून तो हलक्या नाण्याच्या शेजारराज्याकडे वळू लागला. नवरा तांड्याबरोबर दूर गेलेला. मग तिनेच, मोठ्या शहाणपणाने, सूत कातणाऱ्या बायकांची मजुरी उतरवली. आता ते शहाणपण तिलाच डाचत होते. चार वर्षांच्या कुमुदाला कडेवर घेऊन ती जेतवनात शास्त्यांकडे, भगवान बुद्धांकडे, आली.

"भगवन्, मजुरी उतरवली नाही, तर माल पडून राहतो. उतरवली, तर त्या बायका माझ्याकडे बघत नाहीत. मी करू काय?"

तेव्हा शास्त्यांनी तिला मागल्या एका जन्मीची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तलम वस्त्रांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. तिथेही नाणे असेच जड झाले. इतर व्यापाऱ्यांनी मजुरी निम्मी केली. बोधिसत्त्वांनी ती होती तशीच ठेवली आणि गठ्ठ्यामागचा आपला नफा सोडला. बायकोने टोमणा मारला, "नाणं जड केलं राजानं, आणि उपास घडायचा आपल्याला?"

"आपलं तूप जाईल गं," ते म्हणाले, "त्यांचा भातच जाईल."

शिवाय त्यांना एक ठाऊक होते. तलम सूत पहाटेच्या ओल्या हवेतच कातायचे असते. ऊन चढले की टकळी बाजूला ठेवायची. मजुरी निम्मी झाल्यावर इतरांकडच्या बायका पोटासाठी दुपारीही कातू लागल्या. कोरड्या हवेत धागा तुटे आणि त्या गाठ मारून पुढे जात.

त्या वर्षी इतरांची स्वस्त वस्त्रे नावा भरभरून गेली. बोधिसत्त्वांचा माल कमीच खपला, आणि बायकोने अबोला धरला. पुढच्या वर्षी ती वस्त्रे नेलेला परदेशी व्यापारी परत आला, तो डोळे मिटून प्रत्येक वस्त्रावरून बोट फिरवू लागला. गाठ लागली की वस्त्र बाजूला. शेवटी बोधिसत्त्वांच्या दारी तो थांबला, महाग आहे म्हणून बराच कुरकुरला आणि सगळे गठ्ठे घेऊन गेला.

"मजुरी न उतरवणारा तो व्यापारी म्हणजे मीच होतो," शास्ते म्हणाले. "टोमणा मारणारी ती गृहिणी, तू." सुप्रभाला याचे फारसे नवल वाटले नाही. "आणि गाठी शोधणारा तो परदेशी म्हणजे ही तुझी कुमुदा."

अशी ही करुणेची, आणि करुणेला सुचलेल्या दूरदृष्टीची कथा.

सुप्रभाच्या खांद्यावरचे उत्तरीय उतरवलेल्या मजुरीत कातलेल्या सुताचे पहिलेच होते. कुमुदा मघापासून त्यावरून बोट फिरवीत होती.

"आई, ही बघ," ती म्हणाली, "अजून एक गाठ."