मथुरा गवंडीण आणि पाटलांचं गार घर

आपल्या पणजोबांनाही मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. बालाघाटाच्या उतारावर तामसदरा नावाच्या गावात मथुरा गवंडीण राहायची. तिनं घातलेल्या मातीच्या भिंतीला कान लावला की भिंत श्वास घेताना ऐकू येई, असं सांगतात.

त्या साली दाजीबा पाटलांनी शहरातून पत्रे आणून घरावर घातले. मुलखातलं पहिलं पत्र्याचं घर. पाटील मिशीला पीळ देत हिंडले ते वैशाखापर्यंत. मग पत्रा असा तापला की पाटलीणबाईंनी अंथरूण उचललं आणि गोठा गाठला. म्हशीशेजारी राहीन, पण त्या तव्याखाली येणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. गाव तोंडाला पदर लावून हसलं. शेवटी पाटलांनी मान खाली घालून मथुरेला बोलावलं.

मथुरेनं आधी पत्रे उतरवले. माती, भुसा, शेण कालवून हातभर जाड भिंती घातल्या, वाऱ्याच्या वाटेवर झरोके ठेवले, वर लाकडांवर पांढऱ्या मातीचं माळवद घातलं. अंगणातला लिंब तोडायला नको म्हणून भिंतच वाकवली. घर पुरं झालं आणि चार गावांचं वारं तिथं विसाव्याला येऊ लागलं, असं सांगतात. भर वैशाखात पाटील गोधडीत शिरून शिंकू लागले. पाटलीणबाई परत आल्या. त्यांच्यामागोमाग म्हैसही आत आली आणि काही केल्या बाहेर जाईना.

पण पाहुणे म्हशीहून चिवट निघाले. जेवायला म्हणून आलेले ओसरीवरच घोरू लागले. हळूहळू सगळं गाव दुपारी तिथंच आडवं होऊ लागलं. पाटलांना स्वतःच्या घरात पाय पसरायला जागा उरली नाही. ते पुन्हा मथुरेकडे गेले.

"मथुरा, घर जरा गरम कर."

"ते जमायचं नाही, पाटील. पण सगळ्यांचीच घरं गार केली, तर तुमच्याकडं कोण येईल? मला फक्त माती तुडवायला माणूस पाहिजे."

पाटलांनी धोतर खोचलं आणि ते चिखलात उतरले. अख्ख्या गावाची माती त्यांनी तुडवली. बायका येता-जाता चिखलात हात घालत, खडा काढून दाखवत, आणि पाटील मुकाट्यानं पुन्हा तुडवू लागत.

शेवटचं घर झालं तेव्हा पाहुणे उठले. मथुरा त्या घराच्या भिंतीला टेकली, तिचा डोळा लागला, आणि भिंतीनंच तिला आत घेतलं, असं सांगतात. उन्हाच्या दुपारी तिथून बारीक घोरणं ऐकू येतं.

तामसदऱ्यात अजूनही नव्या घराचा पहिला चिखल मथुरेच्या नावाचा असतो. तो घरच्या कर्त्या माणसानंच तुडवायचा. परवा एका साहेबांनी सिमेंटचं घर बांधायला काढलं, तर त्यांनाही पँट दुमडून देवघराच्या भिंतीपुरती माती तुडवावी लागली. गावच्या बायका काठावर उभ्या राहतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय तुडवणाऱ्याला कुणी जेवायला वाढत नाही.

साहेब दिवेलागणीला जेवले.