सावलीची घरपट्टी

फार पूर्वी, घराची ऐपत त्याच्या सावलीवरून ठरवत असत त्या काळी, एका गावात भिवरा नावाची तरुण रंगारीण राहत होती. घरात ती आणि तिचे म्हातारे आबा. अंगणात करंजाचं मोठं झाड होतं. लाल-निळ्या रंगात बुडवलेली लुगडी ती त्या झाडाखाली वाळत घाली, कारण ओलं कापड उन्हात टाकलं की रंग उडतो. तिची लुगडी आसपासच्या गावांत खपत, ती त्या करंजाच्या जिवावर.

गावाची रीत अशी होती. दिवाळी सरली की म्हातारे पंच पारावर बसून वर्षाचा खर्च सांगत. लोकांनी हात वर करायचे, म्हणजे खर्च मंजूर. मग सगळ्यांना बुंदीचं जेवण. पुढे संक्रांतीच्या दिवशी, उन्हं कलली की मोजणीदार काठी घेऊन दारोदार फिरे आणि प्रत्येक घराची, अंगणातल्या झाडामांडवासकट, सावली मोजी. मंजूर झालेला खर्च सगळ्या सावल्यांवर वाटला जाई. ज्याची सावली लांब, त्याची घरपट्टी जास्त.

विहिरीचा गाळ काढणं, रस्त्याची डागडुजी, राखणदाराचा पगार, एवढाच खर्च होता तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग शेजारच्या गावानं वेशीवर दगडी कमान बांधली आणि आपल्या पंचांची झोप उडाली. आपल्याही गावाला कमान हवी, त्यांच्याहून उंच हवी, असं त्यांनी पारावर सांगितलं. हात वर झाले. त्या वर्षीची बुंदी साजूक तुपातली होती.

संक्रांतीला घरपट्टी दुप्पट झाली.

गावातला वाणी हुशार. त्यानं आपली माडी उतरवून टाकली. पुढच्या वर्षी त्याची पट्टी खरंच उतरली, आणि ओट्यावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत सुटला. त्याची उतरलेली पट्टी इतरांच्या डोक्यावर चढली होती, ते कुणी बघितलं नाही. सगळेच माड्या उतरवायला लागले. मांडव मोडले, पडव्या पाडल्या, परसातली झाडं छाटली. इकडे पंचांनी कमानीपाशी दोन दगडी हत्ती बसवले. हात तेव्हाही वर झाले.

सावल्या आखूड झाल्या आणि पट्टी मात्र वाढली. लोकांनी मोजणीदाराला घेरलं. काठीतच खोट आहे म्हणाले. नवी काठी आणली, ती सगळ्यांनी हातात घेऊन पारखली, आणि पट्टी होती तेवढीच आली.

"भिवरे, तुझा करंज म्हणजे सावकार झालाय बघ," शेजारीण म्हणाली. "बसल्या जागी तुला लुटतोय."

 भिवरा रंगाची कढई ढवळत होती, आणि कढईकडे बघता बघता तिला सगळं उमगलं.

पुढच्या सभेत पंच म्हणाले, कमानीवर कळस चढवायचा. भिवरा उभी राहिली. तरण्या पोरीनं पारासमोर उभं राहायची पद्धत नव्हती. बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"कढईत रंग तेवढाच असला," ती म्हणाली, "तर कापड आखूड केल्यानं रंग कमी होत नाही. तो जास्त गडद चढतो. आपण सगळे कापड कापत बसलोय. कढईत रंग किती ओतायचा, ते इथं पारावर ठरतंय. कळस कशाला हवा, ते आधी सांगा."

 वाण्यानंसुद्धा मान वर केली. मग सगळ्यांत थोरले पंच मायेनं हसले.

"पोरी, बुंदी गार होतेय."

लोक हसले. आबांनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मोठ्यांची अक्कल काढू नये, असं पुटपुटत त्यांनी स्वतःचा हात वर केला. भिवरानं आजूबाजूला पाहिलं. पुन्हा एकदा विचारावं, असं तिच्या मनात आलं. एखादा तरी सोबत उठेल. पण सगळ्यांच्या नजरा पातेल्याकडे होत्या. तिला एकटेपणाची भीती वाटली आणि तिचा हात अर्धा वर गेला.

पंचांनी तो पूर्ण मोजला.

संक्रांतीच्या आधी आबांनी कुऱ्हाड काढली. झाडाला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक भिवरानंच धरलं होतं. करंज पडला तेव्हा अंगणात इतका उजेड झाला की दोघांनाही डोळे मिटावे लागले.

त्या वर्षीची लुगडी उन्हात वाळली. लाल रंग विटकरी झाला, निळा राखेसारखा. गिऱ्हाइकं परत आली ती पैसे मागायला. कढई पालथी पडली.

आता साऱ्या गावात बसण्याजोगी एकच सावली उरली होती, कमानीची. भर दुपारी गाव तिथं जाऊन दाटीवाटीनं बसे. भिवरानं हत्तीच्या सोंडेला दोरी बांधून तिथंच दोन लुगडी वाळत घातली, तेव्हा या सावलीचेही पैसे होतात, हे पंचांच्या लक्षात आलं.

पुढची सभा पारावरच्या उन्हात भरली. पारावरचा वड गावकीच्या नावावर होता, तोही पट्टीपायी केव्हाच तोडलेला. पंच म्हणाले, कमानीची देखभाल महाग पडते, तेव्हा तिच्या सावलीत बसणाऱ्यांनी भाडं द्यावं. कुणाची काही हरकत? नसेल तर हात वर करा.

भिवरा उठली. आपल्याच पैशाच्या कमानीला भाडं कशाला, असं या वेळी तिनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, ओरडून विचारलं. कुणी हसलं नाही, कुणी उठलंही नाही. ऊन एवढं होतं की पंचांकडे बघायचं तर प्रत्येकाला कपाळावर हात आडवा धरावा लागत होता. आबांनीही धरला होता.

"आबा, हात खाली घ्या."

"डोळे दिपतात गं पोरी."

पंचांनी वर आलेले हात मोजले आणि भाडं मंजूर झालं. एकट्या भिवराचा हात खाली होता, आणि तिच्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तात्पर्य, कुणाला अजून हवंच असेल तर: खर्च ठरताना जे तोंड उघडत नाहीत, त्यांनी मोजणीच्या वेळी अंग कितीही चोरलं तरी पट्टी चुकत नाही, आणि सावली तोडून झाल्यावर आलेलं शहाणपण उन्हातच उभं राहतं.