खाडजाईची न बांधलेली कंठी

ही आमची खाडजाई. नाकात नथ आहे, दंडाला वाकी आहे, गळा मात्र मोकळा. शेवरेबंदरात नवीन आलेल्या माणसाला वाटते, देवीचे दागिने चोरीला गेले. चोरीबिरी काही नाही. कंठी त्या कोनाड्यातल्या पेटीत आहे.

पेटी आधी नीट बघा. लाकूड शिसवी आणि वर शिंपल्याच्या आतल्या बाजूचे तुकडे कापून बसवलेले. वेल आहे, मासोळ्या आहेत. दिवा हलवला की मासोळ्या पोहतात असे वाटते. लहानपणी मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची. आत बसराई मोत्यांची कंठी, मऊ रेशमी दोऱ्यात ओवलेली. तिला फासा नाही, आकडा नाही, दोऱ्याची दोन टोके तशीच मोकळी. हात लावू नका, बघा फक्त.

फार जुनी गोष्ट. एक अरब नाखवा तुफानात आमच्या खाडीत शिरला आणि त्याचे गलबत वाचले. त्याने नवस फेडला तो या पेटीने आणि कंठीने, असे सांगतात. कंठी देवीच्या गळ्यात घातली, तेव्हा मोत्यांचे तेज असे होते म्हणे की गाभाऱ्यात समई लावायची गरज पडत नसे. आमच्या लोकांना वाढवून सांगायची सवय आहे, तेव्हा निम्मे धरा.

पुढे मोती पिवळे पडले. मग मळकट झाले. रोजचे दूध, दही, लिंबू, शेंदूर, मोत्यांचे व्हायचे तेच झाले. पण त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एक होडी गेली ती परत आली नाही. गावाने दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. तेव्हा दामा गुरव देवीचे बघायचा. तो म्हणाला, मोती जिवंत असतो, त्याला अंगाची ऊब लागते. देवी दगडाची, ती कुठून ऊब देणार? कंठी जित्या बाईच्या गळ्यात बांधा, तिथे ती वर्षभर राहू दे. मोती जगले तर होड्या जगतील.

पण कुणाच्या गळ्यात? प्रत्येकीला आपली लेक आठवली. हिरू म्हणून एक बाई होती, तिने आवडाबाईच्या घराकडे बोट दाखवले. आवडाबाई विधवा, तिला राघो हा एकुलता एक मुलगा. त्याचे लग्न नुकतेच झाले होते. सून तुळसा घाटावरची, समुद्र कधी न पाहिलेली. तिचे माहेर लांब, भांडायला येणारे कुणी नाही. गरीब गाय दिसली की सगळ्यांनाच दावे सापडते. आवडाबाईने मुलाच्या होडीकडे पाहिले आणि हो म्हटले. एवढेच नाही, कंठीची गाठ तिनेच मारली. होडी बांधायची गाठ, पाणी लागले की आवळत जाणारी.

मोती आठवडाभरात उजळले. मासळी इतकी आली की सुकवायला खळे पुरेना. गावाला देव पावला.

तुळसा मात्र गार पडू लागली. उन्हात बसली तरी अंग थंड. केस धुतले नसतानाही ओले. ती खाडीच्या बाजूला फिरकत नसे, तरी सकाळी तिच्या अंथरुणात वाळू निघे. घराच्या उंबऱ्यावर ओली पावले उमटत, बाहेरून आत येणारी. शेजारणी विचारपूस करायला येत आणि तिच्या गळ्याशी कान गेला की उठून जात. आत पाणी वाजत होते म्हणे, भरतीचे पाणी खडकाच्या कपारीत वाजते तसे. सगळ्यांना कळत होते. कुणी बोलत नव्हते. मला या गोष्टीत वाळूची आणि पावलांची नाही, या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

तुळसा सासूला म्हणायची, "आत्याबाई, लई गार वाटतंया. गाठ जरा सैल करा की."

"राघोची होडी येवंदे, मगे बघूया," आवडाबाई म्हणायची. राघो यायचा, पुन्हा जायचा. ओल्या मानेवर गाठ आवळत चालली होती.

नारळी पुनव झाली. होड्या नव्या हंगामाला बाहेर पडल्या. दुपारी आभाळ काळे झाले आणि समुद्र उठला. बायका देवळासमोर जमल्या. तुळसालाही धरून आणले, कंठी देवीच्या समोर असावी म्हणून. ती पायरीवर कोसळली. ओठ निळे झाले होते, तोंडातून खारे पाणी येत होते. गळ्यातले मोती असे चमकत होते की बघवत नव्हते.

आवडाबाई खाली बसली. बोटांनी गाठ सुटेना. तिने दात लावले.

दामा गुरव ओरडला, "आवडाबाय, गाठ सोडू नको! होडयो बुडतल्यो!"

"बुडतलो तो माझोच झील राघो पयलो, ह्या माका म्हायत हा," ती म्हणाली. "पण ह्या पोरीक मी बांधलंय. मीच सोडतंय."

गाठ सुटली. पण मुलाची होडी बाहेर होती. कंठी खाली ठेवायची तिची छाती झाली नाही. तिने ती आपल्या गळ्यात घातली. कुंकू पुसलेल्या बाईच्या गळ्यात देवीचे मोती! बायका मागे सरल्या. टोके मागून कुणीतरी बांधायला हवी होती, पण एकही पुढे येईना.

मग तुळसा उठली. कशी उठली ते देवीला ठाऊक. ती सासूच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही टोके हातात घेतली.

होडीची गाठ घाटावरच्या मुलीलाही एव्हाना चांगली समजली होती. वर्षभर तिच्याच मानेवर होती ना. आवडाबाईलाही ते कळले. तिने मागे वळून पाहिले नाही. डोळे मिटले आणि मान थोडी पुढे केली.

तुळसाने गाठ मारली नाही. "उभं ऱ्हायलं की गारठा वर चढतो, आत्याबाई," ती म्हणाली. "चला." टोके सैल धरून तिने सासूला देवीभोवती चालवले.

एक फेरा होईतो आवडाबाईचे पाय बधिर झाले. तेव्हा हिरू रडत पुढे आली. "आता माका दी," म्हणाली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीने एक फेरा गारठा सोसला, प्रत्येकीच्या मागे दुसरीने टोके धरली. दामाची बायकोसुद्धा फिरली. तिन्हीसांजेला होड्या खाडीत शिरल्या तेव्हा गावातली एकही मान कोरडी नव्हती. मोत्यांनी होड्या आणल्या की समुद्र आपला आपण निवळला, ते मी सांगू शकत नाही. राघो आला, एवढे खरे.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी गावातल्या सगळ्या बाया कंठी घालून एकेक फेरा घेतात. कंठीला गाठ कुणी मारत नाही. पहिला मान विधवेचा, आणि मागून टोके धरायची ती तिच्या सुनेने. सासूने मागे वळून बघायचे नाही. बायका हसून म्हणतात, शेवरेबंदरात सुना सुखी का, तर हा एक दिवस वर्षभर सासवांच्या डोक्यात असतो.

गेली काही वर्षे पहिला फेरा माझा असतो. माझी सून गुणाची आहे, हात हलका आहे तिचा. तरी देवीच्या पाठीमागे अंधारातून जाताना दोरा मानेला जरासा लागतो. तेव्हा तिला वर्षभरात काय काय बोलले ते सगळे मला आठवते, आणि मी पाय उचलते.