गप्प काटा

टेकडीवर एकच घर होतं, तेव्हाची ही गोष्ट. घरात दूरवर बोलायचा रेडिओचा संच होता आणि छपरावर अँटेना. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मधली केबल संचाची हाक वर नेई. अँटेनाला त्यातली जेवढी पेलत नसे तेवढी ती परत धाडी, आणि मग संचाजवळच्या मीटरचा काटा जरासा हले.

एका पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरलं. तेव्हापासून जाणारं-येणारं सगळं ती वाटेतच गिळू लागली. काटा शून्यावर टेकला.

"बघ, आता वरून काही म्हणजे काही परत येत नाही," केबल फुशारकीने म्हणाली. आपली हाक पुरती पोचतेय असं वाटून संच सुखावला. घरमालकीण मथुताईंनाही काटा बघून बरं वाटलं.

पण हाकेला उत्तर येईना. बाहेर कुणी उरलंच नाही, असं संचाला वाटू लागलं. वर वाऱ्यात उभ्या असलेल्या अँटेनाला वाटे, खालचा गेला असावा.

एक दिवस पलीकडच्या गावचे रेडिओवाले भिवाजी टेकडी चढून आले. "ताई, तुमचा आवाजच येईना, म्हणून बघायला आलो."

"काटा तर अगदी गप्प आहे हो," मथुताई म्हणाल्या.

"त्याचीच भीती वाटते. थोडं तरी परत यायलाच हवं," म्हणत भिवाजींनी केबलचा जोड उघडला. आतून पाणी ओघळलं.

नवी केबल लागली. संचाने हाक मारली आणि काटा थरथरला.

"झाली वरून कुरकुर सुरू," मीटर म्हणाला.

"होऊ दे," संच म्हणाला. "वर कुणीतरी आहे."